पार्ल्यापर्यंतची टॅक्सी

१९ मार्च १९८७, गुरुवार. दुपार कलल्यावर ताज हॉटेलपाशी एका माणसाने टॅक्सी केली आणि तो विलेपार्ल्याला गेला. पोलिसांना त्याचा माग लागला तो इथवर. त्यापुढे नोंद नाही.

या माणसाला काय म्हणायचे, इथूनच अडचण सुरू होते. वृत्तान्तांत कुठे ‘मॉन सिंग’ आढळतो, कुठे ‘मोहन सिंग’. हॉटेलात उतरताना त्याने गाव लिहिले त्रिवेंद्रम. नाव उत्तरेकडचे आणि पत्ता दक्षिण टोकाचा. पण दोन्ही त्यानेच सांगितलेले असल्याने पुरावा म्हणून त्यांचे मोल फारसे नाही. आपल्याला कुठे शोधले जावे अशी त्याची इच्छा होती, एवढेच त्यातून कळते. पोलिसांचे पथक केरळात जाऊनही आले. ज्याच्यापर्यंत ते पोहोचले तो मनुष्य निर्दोष निघाला.

त्याहून भक्कम कागद म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात. मंगळवार, १७ मार्चच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ती आली. गुप्तवार्ता अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत; इच्छुकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात ताज इंटरकॉन्टिनेंटलमध्ये समक्ष यावे, असा तिचा आशय. छापून गेलेला मजकूर मागाहून कुणाला बदलता येत नाही, म्हणून मी जबान्यांपेक्षा तिच्यावर अधिक विसंबतो. तिच्यात काय नाही तेही पाहा. टपालाने अर्ज नाही, परीक्षा नाही, महिनोन्‌महिन्यांची वाट नाही. जाहिरात आणि मुलाखत यांत जेमतेम एक दिवस. शहानिशा करायला उसंतच मिळू नये असा हा बेत असावा, हा माझा अंदाज. सरकारी भरती अशी पंचतारांकित हॉटेलात होत नाही हे उमेदवारांना कळायला हवे होते, असे आज म्हणणे सोपे आहे. हातात पदवी घेऊन हिंडणाऱ्याला तेव्हा सरकारी नोकरी म्हणजे काय वाटे, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारावे.

त्याने २६ जण निवडले. गुरुवारी त्यांना ओळखपत्रे वाटली, भाड्याची बस केली आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास ही मंडळी ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर उतरली. केंद्रीय अन्वेषण विभागाची, म्हणजे सीबीआयची धाड! झडतीचे वॉरंट पुढे आले. मग हुकूम सुटले: कॅमेरे बंद करा, परवान्याचे रिव्हॉल्व्हर आमच्या ताब्यात द्या, कुणी बाहेर जायचे नाही, फोन करायचा नाही.

इथे जरा थांबू. यातला प्रत्येक हुकूम खऱ्या धाडीतही शोभला असता, आणि प्रत्येक हुकूम चोराच्या गरजेचाही होता. कॅमेरे बंद म्हणजे चेहरा टिपला जायला नको, फोन बंद म्हणजे कुणी खातरजमा करायला नको, रिव्हॉल्व्हर ताब्यात म्हणजे प्रतिकार नको. दागिने ‘नमुने’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले, त्यांवर सरकारी मोहोर उमटली. सराफाला हे अगदीच अनोळखी नव्हते. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा तेव्हा लागू होता (तो १९९०मध्ये गेला). त्यामुळे वह्या आणि साठा तपासायला येणारे अधिकारी पेढ्यांच्या परिचयाचे होते. शिवाय विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असतानाच्या धाडींची चर्चा अजून ताजी होती. सोंग वठले त्यात या हवेचा वाटा मोठा, असे माझे मत आहे.

पाऊण तासाने ब्रीफकेस उचलून तो बाहेर पडला. दुसऱ्या एका धाडीवर नजर टाकून येतो, तोवर पहारा ठेवा, अशी आज्ञा देऊन. सव्वीस जणांनी ती पाळली. सुमारे तासाभराने पेढीतून डी. बी. मार्ग पोलिसांना फोन गेला, आणि तोवर तो बसने ताजपाशी परतला होता.

मराठीत अशा माणसाला तोतया म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की १७७६ साली कोकणात बंड माजवणारा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. पण दोघांत फरक आहे. तो एका माणसाचे नाव लावून आला, म्हणून सदाशिवरावभाऊंना पाहिलेले लोक त्याची परीक्षा घेऊ शकत होते. मॉन सिंग पदाचे नाव लावून आला. पदाला चेहरा कुठला?

त्याचा खरा भाऊबंद बर्लिनजवळच्या कोपेनिकचा. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी विल्हेल्म फोइग्ट या चांभाराने जुना लष्करी गणवेश चढवून रस्त्यातले खरेखुरे शिपाई हाताशी धरले आणि नगरभवनातून सुमारे चार हजार मार्क नेले. शिपाई काही सोंग करत नव्हते. ऑपेरा हाउसलाही सोंग एकाचेच होते. बाकीचे सव्वीस मनोभावे नोकरीचा पहिला दिवस बजावत होते, आणि म्हणूनच पेढीतल्या कुणाला त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसला नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७० खालचा गुन्हा होता. पण आपण त्या पदावर नाही हे जाणून केलेली बतावणीच त्यात बसत असे. सव्वीस जणांना मी तोतये म्हणणार नाही. पेढीसारखेच तेही फसले.

पुढे २०१३ साली यावर ‘स्पेशल २६’ चित्रपट आला. त्यात टोळी आहे. आपला किशोर कदमही तिच्यात आहे. कागदोपत्री मात्र एकटा मॉन सिंग.

आता पुन्हा टॅक्सीकडे. सागरी सेतू त्या वेळी नव्हता. माहीम किंवा शीव ओलांडूनच ती उपनगरात शिरली असणार. आणि पार्लेच का? तिथे घर होते म्हणून, असे मला वाटत नाही. ज्याने पत्ता खोटा लिहिला तो टॅक्सीवाल्याला खऱ्या दारापर्यंत नेणार नाही. पार्ल्याला लागूनच देशांतर्गत विमानतळ, स्टेशनात पश्चिम रेल्वेच्या लोकल, बाहेर शहरभागात न मिळणारी रिक्षा, पूर्वेला द्रुतगती महामार्ग. वाहन बदलायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पण हा तर्क झाला, पुरावा नव्हे. पुरावा टॅक्सीपाशी संपतो.

ऐवज ३० ते ३५ लाख रुपयांचा धरला गेला. गुन्ह्याची उकल झाली नाही.