सोळा वर्षें कीं सोळावें वर्ष? : सनदी नोकरीच्या इतिहासांतील एक कालगणना

शिलालेखांतील व ताम्रपटांतील मित्यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासकांस गत वर्ष व वर्तमान वर्ष यांतील भेद नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. शकाचा आंकडा गत आहे कीं वर्तमान, हें न पाहतां तिथि व वार जुळवूं लागलें म्हणजे एका वर्षाचा घोटाळा होतो, आणि अस्सल लेखास बनावट ठरविण्याचा प्रसंग येतो. इ. स. १८६९ मध्यें याच घोटाळ्यानें दोन हिंदी तरुणांच्या हातीं आलेली नोकरी काढून घेतली होती. त्यांपैकीं एक बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी व दुसरे मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. सुरेंद्रनाथांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. ठाकुरांचें आमच्या प्रांतांतही फारसें कोणी घेत नाहीं. वंश, वर्ण वा धर्म यांचा उच्चारही न करणारा नियम माणसास नोकरीबाहेर कसा ठेवूं शकतो, याचें हें प्रकरण उत्तम उदाहरण आहे, म्हणून त्याची तपासणी येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायदा काय होता तें पाहूं. १८३३ च्या सनदेच्या कायद्यांतील ८७ व्या कलमान्वयें केवळ धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांमुळें कोणाही हिंदी मनुष्यास कंपनीच्या नोकरीस अपात्र समजूं नये, असें ठरलें. परंतु सनदी जागांवरील नेमणुका कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीनें होत, आणि संचालक शिफारस करीत ती आपल्या आप्तेष्टांची. त्यामुळें पुढील वीस वर्षांत या कलमाच्या आधारें एकाही हिंदी माणसास सनदी जागा मिळाली नाहीं. १८५३ च्या कायद्यानें शिफारशीची पद्धत मोडली व १८५५ मध्यें लंडन येथें पहिली स्पर्धापरीक्षा झाली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यांत व्हिक्टोरिया राणीनें वंश व धर्म यांचा भेद न करतां योग्यतेप्रमाणें प्रजेस नोकरींत घेण्याचें अभिवचन दिलें. शब्दांत दोष काढण्यास जागा नव्हती. दार उघडें होतें. पाहावयाचें तें एवढेंच, कीं त्या दारापर्यंतची वाट कशी होती.

त्या वाटेवर तीन अडथळे होते. पहिला स्थळाचा. परीक्षा केवळ लंडनांत होत असे. इंग्रज विद्यार्थी ती आपल्या घरून देई. हिंदी विद्यार्थ्यास समुद्र ओलांडावा लागे, त्यासाठीं घरची पुंजी मोडावी लागे, आणि परत आल्यावर पंक्तींत पान मिळेल कीं नाहीं याची शाश्वती नसे. दुसरा अडथळा गुणांचा. १८६३ मध्यें सत्येंद्रनाथ टागोर हे ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यानंतर लवकरच संस्कृत व अरबी या भाषांचे गुण ५०० वरून ३७५ करण्यांत आले. ग्रीक व लॅटिन यांना मात्र प्रत्येकीं ७५० गुण होते. सत्येंद्रनाथांबरोबर विलायतेस गेलेले मनमोहन घोष पुढें या परीक्षेंत यशस्वी झाले नाहींत, व या फेरफाराविरुद्ध त्यांनीं लेखणी उचलली. ज्यांचा जन्म व्याकरण व काव्य शिकविण्यांत गेला त्या आमच्यासारख्यांस पाणिनीची किंमत अशी आंकड्यांत मांडलेली पाहून काय वाटतें, हें सांगणें नको. हिंदुस्थानचा कारभार करण्यास हिंदुस्थानच्या भाषेपेक्षां होमरची भाषा दुपटीनें उपयोगी असते, एवढाच या कोष्टकाचा अर्थ होतो.

तिसरा अडथळा वयाचा. आरंभीं वयाची कमाल मर्यादा २३ होती; ती पुढें २२ व १८६६ पासून २१ झाली. प्रत्येक वर्ष कमी होतांना इंग्रज उमेदवाराचें फारसें बिघडत नव्हतें, कारण त्याची सारी शाळा त्याच परीक्षेच्या वळणाची होती. हिंदी मुलास आधीं परभाषा शिकावी लागे, मग त्या भाषेंत परीक्षा द्यावी लागे, आणि मध्यें समुद्रप्रवास. प्रस्तुत प्रकरण याच तिसऱ्या अडथळ्याचें आहे.

१८६९ च्या परीक्षेंत चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व श्रीपाद बाबाजी ठाकूर. इतके हिंदी उमेदवार एकाच वर्षीं यशस्वी होण्याची ही पहिलीच वेळ होती. लागलीच शेवटच्या दोघांच्या वयाविषयीं परीक्षा-आयुक्तांनीं शंका काढली व त्यांचीं नांवें यादींतून वगळलीं. सुरेंद्रनाथांच्या बाबतींत पुरावा असा होता: डिसेंबर १८६३ मध्यें कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळीं त्यांचें वय १६ लिहिलें होतें. १८६३ अखेर १६, तर १८६८ अखेर २१. म्हणजे १८६९ मध्यें वयाची मर्यादा उलटून गेली, असें आयुक्तांचें गणित. गणित बिनचूक होतें, पण १६ या आंकड्याचा अर्थ चुकला होता.

आतां आपण तें गणित आपल्या रीतीनें करूं. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मध्यें त्यांस १५ वर्षें पुरीं होऊन सोळावें लागलें होतें. आपल्याकडे मुलाचें वय विचारलें असतां चालू वर्ष सांगण्याची चाल आहे, त्याप्रमाणें १६ हा आंकडा लिहिला गेला. इंग्रज वाचतो तो पुरीं झालेलीं वर्षें. त्यामुळें सोळाव्या वर्षाचीं सोळा वर्षें झालीं. वस्तुतः १८६९ च्या पूर्वार्धांत त्यांस २० वर्षें व कांहीं महिने झाले होते. एकविसावें वर्ष पुरें होण्यास नोव्हेंबर उजाडावयाचा होता.

या प्रकरणाचें वर्णन करतांना, हिंदु लोक वय गर्भधारणेपासून मोजतात म्हणून हा फरक पडला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. गर्भापासून मोजण्याची रीत शास्त्रांत आहे यांत संशय नाहीं. ब्राह्मणाचें उपनयन गर्भापासून आठव्या वर्षीं करावें असें स्मृतिकारांनीं सांगितलें आहे. परंतु या ठिकाणीं त्या रीतीनें आंकडा पुरता उलगडत नाहीं. जन्मापूर्वीचे नऊ महिने धरले तरी डिसेंबर १८६३ मध्यें गर्भापासूनचें वय पंधरा वर्षें व सुमारें दहा महिने इतकेंच भरतें. सोळा पुरीं होत नाहींत. गर्भापासून मोजा वा जन्मापासून, चालू होतें तें सोळावेंच वर्ष. म्हणून फरकाचें खरें मूळ गर्भगणनेंत नसून गत व वर्तमान यांच्या भेदांत आहे, असें आमचें मत आहे. ही गोष्ट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. गर्भगणना म्हटलें कीं ती परक्या समाजाची विचित्र समजूत वाटते. चालू वर्ष सांगणें हा साधा व्यवहार आहे, आणि दुसऱ्याचा व्यवहार समजून घेण्याचें काम परीक्षा घेणाऱ्याचें होतें.

सुरेंद्रनाथांनीं लंडन येथील क्वीन्स बेंच न्यायालयाकडे दाद मागितली. आयुक्तांनीं आपल्या कृत्याचें कारण दाखवावें, असा हुकूम झाला. तेव्हां आयुक्तांनीं पुढें वाद न वाढवितां नांव परत दाखल केलें, आणि तोच लाभ ठाकुरांसही मिळाला. पुढें सुरेंद्रनाथ सिल्हट येथें रुजू झाले व १८७४ मध्यें त्यांस नोकरींतून दूर करण्यांत आलें. तें प्रकरण निराळें आहे. ज्या गृहस्थास सरकारनें नोकरींत ठेवलें नाहीं, तेच १८९५ मध्यें पुणें येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले, एवढें येथें नमूद करणें पुरे.

येथें कोणी पूर्वपक्ष करील, कीं आयुक्तांनीं कागद पाहिला व नियम लावला. यांत वर्णद्वेष कोठें आला? एका अधिकाऱ्याच्या मनांत काय होतें हें दप्तरांत सांपडत नाहीं, आणि तें शोधण्याचा आमचा आग्रहही नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं नियम करणाऱ्याची भाषा, कालगणना व शाळा हींच मोजपट्टी धरली, म्हणजे त्या पट्टीबाहेरचा माणूस द्वेषावांचूनही लहान ठरतो. त्यास बाहेर काढण्यास कोणी दुष्ट असावा लागत नाहीं. कारकून दक्ष असला म्हणजे पुरे.

आणि द्वेष नव्हता असेंही सर्वत्र म्हणतां येत नाहीं. १८७६ मध्यें वयाची मर्यादा एकदम १९ वर आणण्याचें ठरलें व १८७८ पासून तें अंमलांत आलें. सुरेंद्रनाथांनीं १८७७-७८ मध्यें प्रांतोप्रांतीं फिरून त्याविरुद्ध सभा घेतल्या. त्याच सुमारास, १८७८ मध्यें, व्हॉइसरॉय लिटन यांनीं एका गोपनीय टिपणांत कबूल केलें, कीं हिंदी लोकांस या जागा उघडपणें नाकारणें व त्यांस फसविणें असे दोनच मार्ग आपणांपुढें होते, आणि त्यांतला कमी सरळ मार्ग आपण पत्करला. दादाभाई नौरोजी यांनीं हा कबुलीजबाब लोकांपुढें मांडला. पुढें ॲचिसन यांच्या अध्यक्षतेखालीं १८८६-८७ मध्यें जें कमिशन बसलें, त्यांत पुण्याचे कृष्णाजी लक्ष्मण नूलकर हे एक सभासद होते. १८९२ पासून मर्यादा पुन्हां २३ झाली. हिंदुस्थानांतही परीक्षा घ्यावी असा ठराव विलायतेच्या कॉमन्स सभेनें १८९३ मध्यें केला, पण येथें परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडलें. १८३३ पासून मोजल्यास एकोणनव्वद वर्षें झालीं. हीं मात्र गत वर्षें.

हीच कसोटी आपल्या घरीं लावल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. कोल्हापूर दरबारांत १८९४ मध्यें सर्वसाधारण कारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या सुमारें ५०० जागांपैकीं ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या. जागा योग्यतेनेंच भरतात, असेंच येथेंही बोललें जाई; आणि योग्यता म्हणजे जी विद्या पिढ्यान् पिढ्या एकाच ओसरीवर बसून होती ती. शाहू छत्रपतींचा २६ जुलै १९०२ चा हुकूम प्रसिद्ध आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांस द्याव्या, हें त्यांतील कलम सर्वांस पाठ असतें. आमच्या मतें त्याच्याइतकेंच मोलाचें कलम दुसरें आहे: प्रत्येक खातेप्रमुखानें केलेल्या नेमणुकांचें पत्रक दर तीन महिन्यांनीं सरकारांत पाठवावें. १८३३ च्या कलमांत नेमका याच गोष्टीचा अभाव होता. त्यानें भेद करूं नये असें सांगितलें, पण कोण आंत आला व कोण बाहेर राहिला याची मोजदाद ठेवण्यास कोणासही सांगितलें नाहीं. जें वचन मोजलें जात नाहीं, तें पाळलें गेलें कीं नाहीं हें विचारण्याची सोयही राहत नाहीं.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंती. जुन्या रुमालांत नोकरीचे अर्ज, शाळांचे दाखले, हजेरीपत्रकें व जन्मपत्रिका निघतात. राजकारणाचे कागद नव्हेत म्हणून तीं बहुधा बाजूस टाकिलीं जातात. तीं टाकूं नयेत. ठाकुरांच्या चरित्राचे धागे मिळाले तर अशाच कागदांत मिळतील. असे कागद प्रसिद्ध करतांना वयाच्या आंकड्यापुढें तें गत कीं वर्तमान याची टीप अवश्य द्यावी, आणि अर्ज नामंजूर झालेला असल्यास नामंजुरीचें कारण मुळांतील शब्दांतच छापावें. मंजूर झालेल्या अर्जांवरून नोकर कोण होते तें कळतें; नोकरीचा नियम खरोखर काय होता, तें नामंजूर अर्जांतच लिहिलेलें असतें.