आई-बाबांचं सोडियम का घसरतं?

मंडळी, आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले की कुठल्यातरी घरी ऐकू येतंच, "आई जरा गोंधळल्यासारखी वागते, जेट लॅग असेल." पण गोंधळ, तोल जाणं, मळमळ, सतत झोप ही रक्तातलं सोडियम उतरल्याचीही लक्षणं असतात. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असतं. हा आकडा साठा नव्हे, प्रमाण आहे. (आपल्या आयटीवाल्यांना सांगायला नको, छेद वाढला की उत्तर कमी येतं!) म्हणजे मीठ नेहमीइतकंच खाऊनही अंगात पाणी जास्त राहिलं की सोडियम घसरतं.

सगळ्यात नेहमीचं कारण गोळ्यांच्या डब्यात सापडतं. भारतातून आणलेल्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनच्या जोडीला पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. हे औषध लघवीवाटे सोडियम घालवतं आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची ताकदही कमी करतं. ती ताकद वयानुसार आधीच उतरलेली असते. त्यात जेवण म्हणजे चहा-बिस्किटं, आणि वर कुणीतरी पाठवलेला 'रोज चार लिटर पाणी प्या' हा सल्ला! नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या, जुलाब-उलट्या, न्यूमोनिया, हृदयाचे किंवा यकृताचे विकार हीही कारणं आहेत. उलट, म्हातारपणी तहान कमी लागते. पाणी फारच कमी पडलं तर सोडियम वाढतं.

पोटॅशियमची गंमत वेगळी. वरची लघवीची गोळी ते उतरवते, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चढवतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. जास्त पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात.

मी डॉक्टर नाही, पण एवढं नक्की: घरच्या घरी मीठ चारू नका, गोळी परस्पर बंद करू नका. खूप उतरलेलं सोडियम झपाट्याने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गोंधळ नव्याने सुरू झाला तर त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. 'बेसिक मेटाबॉलिक पॅनेल' या साध्या रक्ततपासणीत दोन्ही आकडे येतात. झटके आले किंवा जागच येत नसेल तर थेट ९११.

तिकडून निघण्याआधी 'सिरम इलेक्ट्रोलाइट्स' करून रिपोर्ट सामानात टाकायला सांगा. इथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी जुना आकडा मिळतो.