सीईटी केमिस्ट्री : येणारे प्रश्न चुकतात कुठे? तीन उदाहरणं सोडवून पाहा

बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीला जायचं तर एमएचटी-सीईटीचे गुण महत्त्वाचे. या परीक्षेत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न, दोन्ही मिळून वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. बरेच गुण न येणाऱ्या प्रश्नांत नाही, तर येणाऱ्या प्रश्नांत घाईमुळे जातात.

प्रश्न १ : ६ ग्रॅम युरियाचं ५०० मिली द्रावण केलं. मोलॅरिटी किती? (युरियाचं रेणुवस्तुमान ६०)
अ) ०.०५ ब) ०.१ क) ०.२ ड) ०.४

६ भागिले ६० म्हणजे ०.१ मोल. इथंच पोरं 'ब' वर क्लिक करतात. पण मोलॅरिटी म्हणजे एका लिटरमधले मोल. ०.१ भागिले ०.५ लिटर, म्हणजे ०.२. उत्तर 'क'.

प्रश्न २ : सगळी द्रावणं ०.१ मोलल. सर्वांत जास्त गोठणबिंदू कोणाचा?
अ) ॲल्युमिनियम क्लोराईड ब) कॅल्शियम क्लोराईड क) सोडियम क्लोराईड ड) युरिया

पाण्यात कण जितके जास्त, तितका गोठणबिंदू खाली. पूर्ण विघटन धरलं तर कण अनुक्रमे ४, ३, २ आणि १. युरियाचे आयन होत नाहीत, म्हणून उत्तर 'ड'. 'जास्त' हा शब्द नजरेतून सुटला की 'अ' निवडला जातो.

प्रश्न ३ : फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते. अर्धायुकाल किती?
अ) १५ मिनिटं ब) ३० मिनिटं क) ४० मिनिटं ड) ४५ मिनिटं

त्रैराशिक मांडलं तर ४० येतात, पण ते चूक. ७५ टक्के संपलं म्हणजे २५ टक्के उरलं. १०० चे ५०, ५० चे २५, असे दोन अर्धायुकाल झाले. ६० भागिले २, उत्तर ३० मिनिटं. लॉग लागतच नाही.

हे लक्षात ठेवा
- आधी एकक बघा. मिलीचं लिटर, ग्रॅमचे मोल करा.
- 'जास्त', 'कमी', 'चुकीचं विधान' हे शब्द कच्च्या कागदावर लिहून घ्या.
- सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका.
- नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. तिथं निदान दोन पर्याय खात्रीनं बाद झाले तरच अंदाज लावा.