दारातला दिवा

काही वर्षांपूर्वी आगमनकाळातील एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया पार पडली होती, परंतु पुढील औषधोपचारांचा खर्च त्यांच्या दोन वर्षांच्या मिळकतीहून अधिक होता. पुतण्याने मोबाइलवर मदतीचे आवाहन तयार करून दिले होते. हव्या असलेल्या रकमेचा आकडा होता, आजाराची हकिकत होती. एक चौकट मात्र रिकामी होती. तेथे रुग्णाचे छायाचित्र हवे होते. "फादर, तुम्ही तिला समजवा. फोटो नसला तर कुणी पैसे देत नाही म्हणतात," ते काकुळतीने म्हणाले.

मी त्यांच्या घरी गेलो. बाईंनी डोक्यावर बांधलेला रुमाल सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "मदत नको असं नाही, फादर. पण माझं हे रूप मुलांच्या शाळेत सगळ्यांनी बघावं, हे मला सोसणार नाही."

मला उत्तर सुचले नाही. आजाऱ्यासाठी पुष्कळांकडून थोडे थोडे गोळा करणे ही गोष्ट ख्रिस्तसभेला नवी नाही. मग आपल्या पूर्वजांनी या अडचणीतून वाट कशी काढली होती? त्या रात्री सेमिनरीच्या दिवसांतील इतिहासाची पुस्तके मी पुन्हा उघडली.

या इतिहासाचा आरंभ संत पौलापासून करावा लागतो. इसवी सन ५५ च्या सुमारास यरुशलेममधील गोरगरीब बांधवांसाठी त्याने करिंथ, मासेदोनिया आणि गलतिया येथील मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे त्याने करिंथकरांना सुचवले. रक्कम पोहोचवण्यासाठी मंडळ्यांनी पसंत केलेली माणसे त्याने बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या निधीबाबत आपल्यावर कोणी बोट ठेवू नये, ही दक्षता त्यामागे होती. देणाऱ्यांनी घेणाऱ्यांना कधी पाहिले नव्हते. दोघांमध्ये होता तो केवळ विश्वास आणि चोख हिशेब.

पुढे शंभर वर्षांनी रक्तसाक्षी संत जस्टिन याने रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. उपासनेत जमलेले दान अध्यक्षाच्या स्वाधीन केले जाई आणि तो त्यातून अनाथ, विधवा, बंदिवान, परके आणि आजारी यांची काळजी घेई, असे त्यात आहे. आपण आज मिस्सेच्या वेळी जी थैली फिरवतो, तिच्या मूळ हेतूंत आजाऱ्यांची शुश्रूषा होती, याचे स्मरण आपल्यापैकी कितीजणांना असते?

तथापि माझ्या प्रश्नाचे नेमके उत्तर मला इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत सापडले. १४४२ साली तेथील सान मार्को मठाचे प्रमुख असलेले डॉमिनिकन धर्मगुरू अंतोनिनस यांनी बारा प्रापंचिक गृहस्थांना एकत्र आणले. अंतोनिनस पुढे त्या नगरीचे आर्चबिशप झाले आणि १५२३ साली त्यांना संतपद लाभले. त्या बाराजणांना लोक 'सान मार्तिनोचे सज्जन' म्हणू लागले. त्यांचे काम एका विशिष्ट गरिबासाठी होते. इटालियन भाषेत अशा माणसाला 'लाजरा गरीब' म्हणत. कालपर्यंत मानाने जगलेला कारागीर अथवा व्यापारी, ज्याच्या घरी आजारपण आले, धंदा बुडाला, परंतु ज्याला चौकात उभे राहून हात पसरणे जमत नव्हते, तो हा गरीब.

हे सज्जन घरोघरी जाऊन गुपचूप चौकशी करीत आणि गुपचूप मदत पोहोचवीत. धन साठवायचे नाही, आले ते वाटून टाकायचे, असा त्यांचा दंडक होता. साहजिकच अधूनमधून पेटी रिकामी होई. तशी ती झाली की ते आपल्या प्रार्थनागृहाच्या दाराशी एक मेणबत्ती लावत. येणारेजाणारे समजत की सज्जनांकडे काही उरलेले नाही, आणि ज्याला जमेल तो आपला हात सैल करी. ही संस्था आजही फ्लॉरेन्समध्ये कार्यरत आहे.

त्या मेणबत्तीपाशी मी बराच वेळ थांबलो. गरज साऱ्या नगरीला दिसत होती. गरजवंत मात्र कोणालाच दिसत नव्हता.

आता पाचशे वर्षे ओलांडून अमेरिकेतील बॉस्टनला येऊ. डॉ. सिडनी फार्बर हे तेथे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधांनी उपचार करण्याचे आरंभीचे प्रयोग करीत होते आणि त्यांना निधीची निकड होती. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरील एका राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांच्या बारा वर्षांच्या एका रुग्णाशी संभाषण प्रक्षेपित झाले. बोलता बोलता त्याच्या आवडत्या बॉस्टन ब्रेव्हज बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती येऊन उभे राहिले. मुलाला सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळावा आणि त्याच्यासारख्या मुलांवरील उपचारांचे संशोधन व्हावे, म्हणून श्रोत्यांनी मदत पाठवावी, असे निवेदकाने सुचवले. त्या वर्षात दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. मुलाला संच मिळाला आणि 'जिमी फंड' नावाचा निधी उभा राहिला, जो अद्याप चालू आहे.

जिमी हे त्या मुलाचे खरे नाव नव्हते. त्याची ओळख झाकण्यासाठी डॉक्टरांनी ते नाव योजले होते. श्रोत्यांनी आवाज ऐकला. चेहरा आणि घराणे त्यांना ठाऊक नव्हते. तो मुलगा केव्हाच वारला असावा, असेच पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात तो बरा झाला, ट्रकचालक म्हणून संसाराला लागला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ साली, आयनार गुस्ताफसन या खऱ्या नावाने लोकांसमोर आला. तोवर आपली कहाणी आपल्यापाशी ठेवण्याचा हक्क त्याला मिळाला होता.

चेहरा दाखवणे हेच गैर, असे मात्र म्हणता येणार नाही. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली उजवा पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने देश ओलांडण्यासाठी धावू लागला. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले. प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले. देशाची लोकसंख्याही तेवढीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो निवर्तला. आपला तुटलेला पाय त्याने जगाला दाखवला तो आपखुशीने, आणि मागितले ते संशोधनासाठी, सर्वांसाठी. स्वतःच्या औषधासाठी देह दाखवणे भाग पडणे ही गोष्ट निराळी.

अमेरिकेत 'गोफंडमी' हे संकेतस्थळ २०१० साली सुरू झाले, मुंबईत 'केटो' २०१२ साली. या साधनांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. दुबईतला भाचा आणि गावातला शेजारी एकाच क्षणी हातभार लावू शकतात, ही केवढी सोय! परंतु या दानपेटीजवळ बाराजण सज्जन उभे नाहीत. रुग्णालाच आपली कहाणी लिहावी लागते आणि इतर हजारो कहाण्यांच्या रांगेत ती उभी करावी लागते. ज्याचा गोतावळा मोठा, ज्याला लिहिता येते, ज्याचे मूल गोजिरे, त्याची झोळी लवकर भरते. अमेरिकेतील २०१६ ते २०२० या काळातील चार लाखांहून अधिक वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे १२ टक्के आवाहनांनाच अपेक्षित रक्कम लाभली आणि सुमारे १६ टक्क्यांना एक पैसुद्धा मिळाला नाही. त्या शेवटच्या माणसाच्या मनाचे काय झाले असेल? त्याने चेहराही दिला आणि हाती काहीच आले नाही.

त्या बाईंचे आवाहन अखेर छायाचित्राविनाच गेले. निम्मी रक्कम जमली. काही भार शासनाच्या आरोग्य योजनेने उचलला, उरलेला धर्मग्रामाने आणि नातलगांनी. आज त्या रविवारी मिस्सेला येतात.

पण मला एक कबुली द्यायची आहे. ज्या रविवारी मी वेदीवरून त्यांच्यासाठी मदतीची विनंती केली, त्याच रविवारी आमच्याच धर्मग्रामात आणखी एक विधवा त्याच रोगाने अंथरुणाला खिळलेली होती. तिच्याकडे असा मोबाइल नव्हता, आवाहन लिहिणारा पुतण्या नव्हता. खर्चाच्या धास्तीने तिने उपचार अर्ध्यावर सोडले होते. मला हे कळले ते तैलाभ्यंगाच्या संस्कारासाठी बोलावणे आले तेव्हा. ज्याने दार ठोठावले त्याला मी उघडले. जी ठोठावू शकली नाही, तिच्या दारापर्यंत मी गेलो नव्हतो. तो दोष कोणत्याही यंत्राचा नव्हे, माझा होता.

तेव्हापासून आमच्या चर्चच्या मागील दाराशी एक लहान फट असलेली पेटी आहे. कोणीही त्यात आपल्या अथवा शेजाऱ्याच्या गरजेची चिठ्ठी टाकावी. दोन प्रापंचिक आणि एक धर्मभगिनी ती उघडतात, घरी जाऊन येतात, शासकीय योजनेची कागदपत्रे भरून देतात आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लावतात. त्यात आकडे असतात, नावे नसतात. निधी संपला की मी वेदीवरून एवढेच सांगतो, "पेटी रिकामी आहे."

मोबाइलवर आलेल्या आवाहनाला आपण अवश्य प्रतिसाद द्यावा. त्यामागे खरोखरच कोणीतरी तळमळत असते. मात्र रक्कम पाठवून झाल्यावर क्षणभर आपल्याच आळीतील बंद दारांकडे पाहावे. ज्या घरातून कोणतेही आवाहन आले नाही, त्या घराची चिठ्ठी आपल्यालाच लिहावी लागेल.