‘बाय’च्या पलीकडचा कर्मणी प्रयोग

‘दगडाने काच फुटली’ हे मराठी वाक्य ऐकणाऱ्याला पुरेसे वाटते. दगड कोणी मारला, की तो उतारावरून घरंगळत आला, याचा उलगडा हे वाक्य करीत नाही. हाच आशय इंग्रजी कर्मणी प्रयोगात मांडताना मात्र निवड करावी लागते. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन’ असे म्हटले, तर दगड हेच काच फुटण्याचे कारण ठरते; त्यामागे माणूस असेलच असे नाही. ‘ब्रोकन विथ अ स्टोन’ असे म्हटले, की दगड हे साधन ठरते आणि तो हाती घेणारा कोणीतरी होता, हे गृहीत धरले जाते. विम्याच्या दाव्यात किंवा पोलिसांकडील तक्रारीत या एका शब्दाने अपघाताचा गुन्हा होऊ शकतो.

इंग्रजी कर्मणी प्रयोगाची, म्हणजेच ‘पॅसिव्ह व्हॉइस’ची, शाळेत शिकवली जाणारी रीत सर्वपरिचित आहे. कर्म वाक्याच्या आरंभी आणावे, ‘टू बी’चे योग्य रूप व क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे आणि कर्त्याआधी ‘बाय’ लावावे. या रीतीने परीक्षेतील गुण मिळतात. परंतु त्यातून दोन गैरसमजही रुजतात. पहिला असा, की प्रत्येक कर्मणी वाक्यात ‘बाय’ असतेच. आणि दुसरा असा, की मराठीतील ‘ने’ किंवा ‘कडून’ याचा इंग्रजी प्रतिशब्द नेहमी ‘बाय’ हाच होय.

पहिला समज वस्तुस्थितीला धरून नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात असे नोंदवले आहे, की इंग्रजी साहित्यात आढळणाऱ्या कर्मणी वाक्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. कर्ता ठाऊक नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा सांगायचा नसतो. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला झालेल्या शस्त्रविक्रीच्या प्रकरणासंबंधी बोलताना ‘मिस्टेक्स वेअर मेड’ या धाटणीची रचना वापरली. चुका झाल्या हे त्यात मान्य होते. कोणी केल्या, हे सांगणारे ‘बाय’ मात्र नव्हते.

‘बाय’ची अनेक कामे

‘बाय’ वाक्यात आले, तरी ते कर्ताच दाखवील असे नाही. ‘सेंट बाय पोस्ट’मध्ये ते मार्ग सांगते, ‘पेड बाय चेक’मध्ये पद्धत, ‘सोल्ड बाय द डझन’मध्ये परिमाण, ‘सीटेड बाय द विंडो’मध्ये जागा, तर ‘डन बाय मंडे’मध्ये मुदत. करारपत्रातील एकाच वाक्यात ‘टू बी कम्प्लीटेड बाय द कॉन्ट्रॅक्टर बाय द थर्टी-फर्स्ट ऑफ मार्च’ असे दोनदा ‘बाय’ येते. पहिल्याचा अर्थ ‘कंत्राटदाराने’, दुसऱ्याचा ‘३१ मार्चपर्यंत’. मुदतीचे हे ‘बाय’ त्या दिवसाच्या आतला सर्व काळ सामावून घेते. त्याऐवजी ‘ऑन’ घातले, तर काम नेमके त्याच दिवशी पूर्ण होणे अपेक्षित ठरते. ‘टिल’ तर येथे चालतच नाही, कारण ते चालू राहणाऱ्या क्रियेसाठी असते.

कोणता शब्दसमूह कोणाला जोडावा, हा प्रश्नही येथे उद्भवतो. ‘द मॅन वॉज सीन बाय द गार्ड विथ अ टॉर्च’ या वाक्यात बॅटरी पहारेकऱ्याच्या हाती होती, की दिसलेल्या माणसाच्या? व्याकरण दोन्ही अर्थांना वाव देते. साक्षीच्या कागदपत्रात अशा वेळी वाक्य फोडून लिहिणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

साहित्य, स्थिती आणि ओळख

‘मेड’ या एका रूपाबरोबर येणारी अव्यये पाहिली, की ही व्यवस्था किती काटेकोर आहे हे लक्षात येते. खुर्ची ‘मेड ऑफ वुड’ असते, कारण तिच्यात लाकूड लाकूडच राहते. कागद ‘मेड फ्रॉम वुड’ असतो, कारण लाकडाचे रूप पालटलेले असते. अनेक घटकांपैकी एक सांगायचा असेल, तर ‘मेड विथ’ येते, आणि एका वस्तूची दुसरी वस्तू केली, तर ‘मेड इन्टू’. मराठी भाषकाला हा भेद परका वाटू नये. आपणही खुर्ची ‘लाकडाची’ म्हणतो, पण दही ‘दुधापासून’ झाले असे म्हणतो.

काही रूपे दिसायला कर्मणी असली, तरी प्रत्यक्षात विशेषणासारखी वागतात. ‘इंटरेस्टेड’बरोबर ‘इन’ येते, ‘सॅटिस्फाइड’बरोबर ‘विथ’. अशा शब्दांना ‘व्हेरी’ लावता येते. ‘व्हेरी बिल्ट’ असे मात्र म्हणता येत नाही. ही साधी कसोटी पुष्कळदा उपयोगी पडते. काही शब्द दोन्ही बाजूंना झुकतात. ‘सरप्राइज्ड बाय द न्यूज’मध्ये बातमीने धक्का दिला ही घटना पुढे येते; ‘सरप्राइज्ड ॲट द न्यूज’मध्ये ऐकणाऱ्याची मनःस्थिती.

‘नोन’ या शब्दाने तर चार वाटा धरल्या आहेत. ‘नोन टू मी’ म्हणजे मला परिचित, ‘नोन फॉर’ म्हणजे एखाद्या गुणासाठी प्रसिद्ध, ‘नोन ॲज’ म्हणजे त्या नावाने ओळखला जाणारा आणि ‘नोन बाय’ म्हणजे ज्यावरून ओळख पटते ते. ‘मी त्याला ओळखतो’ याचे कर्मणी रूप ‘ही इज नोन टू मी’ असे शिकवले जाते, त्याचे कारण हेच. ओळखणारा येथे काही कृती करीत नाही. ओळख त्याच्यापाशी असते.

शेवटी उरणारे अव्यय

मराठी विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते ती रचना म्हणजे अव्ययासकट होणारा कर्मणी प्रयोग. ‘एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम’ या वाक्यातील ‘ॲट’ हे क्रियापदाशी इतके एकजीव झालेले असते, की कर्म पुढे गेले तरी ते जागेवरच राहते: ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन’. दोन अव्यये लागोपाठ आल्याने ‘ॲट’ चुकीचे वाटते आणि गाळले जाते. पण ते गाळले, की वाक्यच मोडते. ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज ग्रँडमदर’ हेही तसेच. ‘टेक केअर ऑफ’सारखा शब्दसमूह अखंड हलतो: ‘द पेशंट्स वेअर टेकन केअर ऑफ’.

मात्र प्रत्येक अव्यय असे हलत नाही. पलंगाविषयी ‘धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ असे म्हणता येते, कारण चुरगळलेल्या चादरीवर झोपेची खूण असते. लंडनमध्ये कोणी झोपले म्हणून ‘लंडन वॉज स्लेप्ट इन’ असे कोणी म्हणत नाही. शहरावर त्या झोपेचा काही परिणाम झालेला नसतो. क्रियेने ज्यावर काही परिणाम होतो, तेच सहसा अशा वाक्याचे उद्देश्य होऊ शकते.

‘बाय’ची सत्ताही इंग्रजीत आरंभापासून नव्हती. प्राचीन इंग्रजीत कर्ता दाखवण्यासाठी आजच्या ‘फ्रॉम’ आणि ‘थ्रू’ यांची पूर्वरूपे वापरली जात. पुढे ‘ऑफ’चे प्राबल्य होते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये आज जेथे ‘बाय’ अपेक्षित असते, तेथे अनेकदा ‘ऑफ’ आढळते.

‘कडून’चा सापळा

इंग्रजीच्या सहवासाने मराठीतही कर्मणीचे एक नवे वळण रूढ झाले. ‘रामाने रावण मारला’ या जुन्या रचनेशेजारी ‘रामाकडून रावण मारला गेला’ ही रचना आली. शालेय व्याकरणात तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात. वृत्तपत्रांतील ‘पोलिसांकडून अटक करण्यात आली’ हे वाक्यही याच वळणाचे आहे.

परंतु ‘कडून’ला मराठीत स्वतःची एक छटा आहे. ‘माझ्याकडून पेला फुटला’ म्हणणारा हेतू नसल्याचे सुचवतो. त्या शब्दात कबुली असते आणि क्षमायाचनाही. ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय मी’ या वाक्यात ती छटा उतरत नाही. तेथे उरतो तो केवळ दोषी कर्ता. अनवधान सांगायचे असेल, तर इंग्रजीत ‘आय ब्रोक द ग्लास बाय ॲक्सिडेंट’ असे सरळ कर्तरी वाक्यच लिहावे लागते, आणि तेथे ‘बाय’ कर्त्यासाठी नव्हे, तर अपघातासाठी येते.

म्हणून भाषांतर करताना ‘ने’ किंवा ‘कडून’ दिसताच ‘बाय’ लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरते: हा शब्द करणारा दाखवतो, साधन दाखवतो, द्रव्य दाखवतो, की केवळ स्थिती? त्याचे उत्तर मिळाले, की योग्य अव्यय सापडते. आणि वाक्यात जबाबदारी कोणाच्या माथी जाते, हेही लिहिणाऱ्याला स्पष्ट होते.