नाव नोंदवलेले, नाव कमावलेले

आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत सरकारी दप्तरात 'वणी जिल्हा' म्हणत. त्या साली जिल्ह्याचे नाव बदलले. 'यवतमाळ' हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होते. 'यवत' आणि 'महाल' म्हणजे परगणा, या दोन शब्दांच्या जोडातून ते झाले, असे गॅझेटियर सांगते. दप्तरात नाव चढवायला एक हुकूम पुरतो, ते रुळायला पिढ्या जातात. बाजारातल्या नावांचेही असेच आहे. नाव नोंदवणे वेगळे आणि नाव कमावणे वेगळे. नवे यंत्र बाजारात येण्याआधीच त्याच्या नावावर हक्क सांगितला जातो, तेव्हा या दोहोंपैकी कशाला मान द्यायचा हे कायद्याला ठरवावे लागते. व्हिडिओ गेमच्या एका यंत्रावरून भारतात झालेल्या वादाने हे फार स्पष्टपणे दाखवले. कमावलेल्या नावाला वरचा मान देणारा आपला कायदा बरोबर आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या नावाचे कूळ आधी पाहू. 'प्ले स्टेशन' हे नाव प्रथम गाजले ते सोनी आणि निन्टेन्डो यांच्या भागीदारीतल्या यंत्रासाठी. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले आणि लगेच निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी केली. भागीदारी मोडली, पण नाव सोनीने सोडले नाही. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये सोनीचे स्वतःचे 'प्लेस्टेशन' विक्रीला आले. पुढे २००० मध्ये दुसरे, २००६ मध्ये तिसरे, २०१३ मध्ये चौथे आले आणि खेळणाऱ्यांच्या बोलण्यात त्यांची 'पीएस२', 'पीएस३', 'पीएस४' अशी आटोपशीर रूपे रुळली. आकड्यांच्या या वंशावळीत एक धोका दडलेला होता. पुढच्या अपत्याचे नाव सगळ्या जगाला आधीच ठाऊक होते.

८ ऑक्टोबर २०१९ रोजी सोनीने 'पीएस५' हे नाव अधिकृतपणे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीतल्या एका व्यक्तीने भारतात याच नावासाठी अर्ज केला. सोनीचा इथला अर्ज आला २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे रांगेत मागे. सोनीने त्या पहिल्या अर्जाला हरकत घेतली आणि अखेर अर्जदाराने तो मागे घेतला. परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये विकले जाऊ लागलेले हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. या अर्जामुळेच विक्री लांबली, अशी चर्चा तेव्हा रंगली होती. पण दुसऱ्याचा अर्ज नुसता पडून आहे एवढ्याने कुणाची विक्री कायद्याने थांबत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या वादाची मेख अर्जाच्या एका रकान्यात आहे. हे नाव कधीपासून वापरात आहे, असे तो रकाना विचारतो. तारीख टाकली तर सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, नाहीतर 'वापरण्याचा इरादा आहे' एवढेच लिहून चालते. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याचे कलम १८ ही मोकळीक देते आणि ती आवश्यकही आहे, कारण माल तयार होण्याआधी नाव सुरक्षित करण्याची गरज प्रामाणिक उद्योजकालाही असते. पण इरादा सांगणे आणि इरादा असणे एक नव्हे. म्हणून कायद्याने पहारेही ठेवले आहेत. अर्ज ट्रेड मार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. कलम ११ नुसार अर्जदाराची किंवा हरकतदाराची बदनियत विचारात घेतली जाते. कलम ३४ नुसार आधीपासून नाव वापरणाऱ्याला नंतरचा नोंदणीधारक रोखू शकत नाही.

यावर आक्षेप येतो की, जो आधी अर्ज करील त्याचे नाव, हा नियम सोपा आणि स्वच्छ नाही का? सोपा आहे खरा. पण त्याची किंमत जपानमध्ये निन्टेन्डोने मोजली. १९८३ मध्ये आलेल्या तिच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ला घराघरांत 'फॅमिकॉम' म्हणू लागले, पण त्या लाडक्या नावाची नोंदणी होती शार्प कंपनीकडे. नाव लोकांनी यंत्राला दिले आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात राहिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कमावलेल्या नावाला मान द्यायचा तर ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे तोच नेहमी जिंकणार, लहान माणसाने काय करायचे? निकाल मात्र वेगळे सांगतात. टोयोटाची 'प्रियस' मोटार जपानमध्ये १९९७ पासून होती, तर दिल्लीची प्रियस ऑटो इंडस्ट्रीज २००१ पासून त्याच नावाने मोटारींचे सुटे भाग विकत होती. १४ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाचा दावा नाकारला, कारण तिचा लौकिक २००१ पर्यंत भारतात पोचल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. पुण्यातल्या 'बर्गर किंग' या जुन्या उपाहारगृहाविरुद्ध अमेरिकी कंपनीने केलेला दावाही तिथल्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला. ते प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी मोठ्या नावासमोर लहान नाव आपोआप पडत नाही, हे त्यातून दिसलेच. कसोटी आकाराची नसून इथल्या लोकांच्या मनातल्या ओळखीची आहे. 'प्लेस्टेशन'ची आधीची यंत्रे भारतात विकली गेली होती, म्हणून 'पीएस५' हे नाव ऐकताच कोण आठवते हे सांगायला साक्षीदार लागत नव्हता.

वणी, पुसद किंवा दारव्ह्याचा शेतकरी कृषी केंद्रात कपाशीचे बियाणे मागतो ते नावानेच. ते नाव गेल्या हंगामात शेतात उगवून आलेले असते, बोंडांनी सिद्ध केलेले असते. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक लहान उत्पादकाला विनंती आहे की, कमावलेले नाव नोंदवूनही ठेवा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण होते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. नोंदलेल्या नावावर कुणी घाला घातला, तर कलम १३४ नुसार आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. पहिले बिल, पहिले लेबल, पहिली जाहिरात जपून ठेवा. 'कधीपासून' या रकान्याचे खरे उत्तर त्याच कागदांत असते.