सगळ्यात भारी सेंटर कोण?

हापिसात जेवताना कुठल्याही खेळाचा विषय निघाला की गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येते: सगळ्यात भारी कोण? क्रिकेटचं भांडण कधी संपणार नाही, त्यामुळे ते इथे नको :) या विकांताला बास्केटबॉल. त्यातही सेंटर, म्हणजे रिंगखाली पाय रोवून उभे राहणारे ते सात-सात फुटी महाभाग.

अशा वादात जो तो आकडे काढतो. पण बास्केटबॉलमध्ये एक भानगड आहे. ज्या नियमांखाली हे आकडे जमा झाले ते नियमच बदलत गेले, आणि बऱ्याचदा याच लोकांमुळे बदलले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकाने सिस्टिममधली फट शोधायची, मालकांनी पॅच टाकायचा, आणि पुढच्याने पॅच टाकलेल्या सिस्टिमवर खेळायचं. मग दोघांचे स्कोअर शेजारी ठेवून कळणार काय?

सुरुवात जॉर्ज मायकनपासून. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड चष्मा. कॉलेजात असताना हा रिंगमध्ये पडत असलेला बॉल वरच्यावर टोलवायचा. १९४४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने त्यावर बंदी घातली. रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्या टीमच्या खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. मायकनला लांब ठेवायला एनबीएने १९५१ मध्ये तो पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला. त्याआधी २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने वेगळीच शक्कल लढवली. मायकनकडे बॉल जाऊच नये म्हणून ते बॉल धरून बसले आणि मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. लेकर्सच्या १८ पैकी १५ पॉइंट एकट्या मायकनचे! असल्या रटाळ मॅच बंद व्हाव्यात म्हणून १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं.

पण हेही लक्षात घ्या की एनबीएच्या मॅचमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अर्ल लॉइड, उतरला तो ३१ ऑक्टोबर १९५० ला. मायकनने ज्यांना धूळ चारली त्यांत, ज्यांना मैदानातच येऊ दिलं नाही ते कुठे होते? हा दोष मायकनचा नाही, पण हिशोबात धरावाच लागतो.

नंतर आला विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२, गाव हर्शी, समोर न्यूयॉर्क निक्स, आणि एकट्याचे १०० पॉइंट. त्या सीझनची सरासरी ५०.४. १९६४ मध्ये पट्टा आणखी रुंद झाला, १६ फूट. पण तेव्हाचा खेळ प्रचंड वेगवान होता. एकेक टीम मॅचमध्ये शंभराहून जास्त वेळा रिंगवर बॉल मारायची, आणि नेमही आजच्याइतका चांगला नव्हता. जास्त शॉट, जास्त चुका, म्हणजे रिबाउंडही जास्त. विल्टच्या आकड्यांत त्या वेगाचा वाटा आहे.

आता खरी गंमत. त्याच १९६१-६२ च्या सीझनचा एमव्हीपी किताब विल्टला मिळालाच नाही. तो मिळाला बोस्टनच्या बिल रसेलला, ज्याची सरासरी होती १८.९! आणि तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे. म्हणजे जे रोज या दोघांसमोर उभे राहत होते, त्यांना स्कोअरशीटवर न दिसणारं काहीतरी दिसत होतं.

ते काय होतं? रसेलचं मुख्य काम होतं समोरच्याचा बॉल अडवणं, आणि अडवलेला बॉल बाहेर न भिरकावता आपल्याच माणसाकडे ढकलणं. पण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ ला. माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम लॉगमध्ये लिहिलंच गेलं नाही! लॉग नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं मानणारे आमच्या क्षेत्रातही खूप आहेत. उरलं काय, तर १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप. विल्टशी त्याची प्लेऑफमध्ये आठ वेळा गाठ पडली, त्यातल्या सात वेळा रसेलची टीम जिंकली. शेवटच्या तीन सीझनमध्ये तर तो खेळत असतानाच टीमचा कोचही होता, आणि एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच तोच.

थेट तुलना होत नसेल तर साखळी लावून बघू. रसेल विल्टशी खेळला, विल्ट करीम अब्दुल-जब्बारशी, करीम हकीम ओलाजुवानशी आणि हकीम शकील ओ'नीलशी. १९७२ मध्ये विल्टच्या लेकर्सनी करीमच्या मिलवॉकीला हरवलं. १९८६ मध्ये हकीमच्या ह्यूस्टनने करीमच्या लेकर्सना ४-१ असं घरी पाठवलं. १९९५ च्या फायनलमध्ये ह्यूस्टनने शॅकच्या ऑर्लँडोला ४-० ने धुतलं. मग काय, हकीम सगळ्यांचा बाप? छे! १९८६ ला करीम ३९ वर्षांचा होता आणि हकीम २३ चा. १९९५ ला शॅक २३ चा आणि हकीम ३२ चा. साखळीतला जवळजवळ प्रत्येक दुवा म्हणजे एक म्हातारा आणि एक पोरगा.

शॅकलाही पॅच चुकला नाही. २००० च्या फायनलमध्ये त्याची सरासरी ३८ पॉइंटची होती. पुढे २००१-०२ पासून एनबीएने झोन डिफेन्सला मोकळीक दिली, म्हणजे बॉल हातात येण्याआधीच त्याला घेरता येऊ लागलं. तरी त्या वर्षी तिसरी चॅम्पियनशिप त्याने नेलीच. त्याचा खरा शत्रू वेगळाच, फ्री थ्रो! आयुष्यभराचा हिशोब ५२.७ टक्के. मुद्दाम फाउल करून त्याला फ्री थ्रोच्या रेषेवर उभं करणं हीच प्रतिस्पर्ध्यांची रणनीती होती.

मग माझा कौल कुणाला? करीमला. कारण सांगतो. १९६७ मध्ये, तो कॉलेजात (तेव्हा नाव ल्यू ॲल्सिंडर) सगळ्यांना चिरडत असताना, कॉलेज बास्केटबॉलने डंकच बंद करून टाकला. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. यात भेदभावाचा वास येतो हे त्याने तेव्हाच बोलून दाखवलं. पण तो रडत बसला नाही. लहानपणी मायकनच्या नावाने ओळखला जाणारा सराव करता करता त्याने हुक शॉट घोटला होता. आता तोच त्याचं मुख्य हत्यार झाला. स्कायहुक! लांबवलेल्या हाताच्या टोकावरून, अडवणाऱ्याकडे खांदा करून मारलेला हा शॉट अडवणं जवळपास अशक्य, आणि त्याला बंदी घालावी असं कारणच सापडेना. या जोरावर २० सीझन, सहा चॅम्पियनशिप, सहा एमव्हीपी आणि ३८,३८७ पॉइंट. १९८४ पासून त्याच्या नावावर असलेला सर्वाधिक पॉइंटचा विक्रम २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडला. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तो १९७१ ला ठरला आणि पुन्हा १९८५ ला. मध्ये चौदा वर्षं, आणि तीन पॉइंटच्या रेषेसकट कितीतरी बदल.

आजचा निकोला योकिच (एमव्हीपी २०२१, २०२२ आणि २०२४) रिंगपासून लांब उभा राहून पास देतो, तीन पॉइंटचे शॉट मारतो. मायकनला हा सेंटर वाटलाच नसता. पण नियमांनी जी जागा शिल्लक ठेवली त्यातच घर बांधायचं, ही कला तीच. बाकीच्यांनी खेळाला बदलायला भाग पाडलं. करीमला खेळाने बदलायला भाग पाडलं, आणि तो बदलूनही वरच राहिला. माझ्या लेखी हे जास्त अवघड.